निरोपातली बाल्टी

२ मे, शुक्रवार
कालव्याला पाणी आलं. खालच्या बागेला दिलं. गडी आला नाही, केळीच्या बुडाला फुटलेली पिलं मीच कापली. कंबर धरली आहे.

संध्याकाळी कैलासचा फोन. "बाबा, उद्या वर जायचंय. फोन मागंच ठेवावा लागतो. अधनंमधनं खाली येणं होईल, तवा आवाज भरून निरोप टाकत जाईन." कुठं जायचं ते मी विचारलं नाही. पलटणीत सतरा वर्षं काढलेला माणूस असलं विचारत नसतो. हिने मात्र फोन ओढून घेऊन विचारलंच, आणि वर हदगावच्या पोरीचं काय ठरवलं तेही. तेवढ्यात लाइन गेली.

ही बराच वेळ फोन हातात धरून बसली होती. मी म्हणालो, सव्वीस वर्षांचा घोडा व्हायला आलाय, फिकीर कशाला? माझाच आवाज मला बरोबर वाटला नाही.

४ मे, रविवार
पहिला निरोप आला. "आई, मी बरा हाय. जेवलो. इथली हवा चांगली हाय. बाबाला म्हणा, बागेत लई राबू नका." मागून कुणीतरी ओरडतोय, "अबे, बाल्टी कहाँ गयी?" ही खूप हसली. शेजारणीला ऐकवला, दूधवाल्याला ऐकवला.

मग स्वतः बटण दाबून उलटा निरोप भरला. "कैलास, हदगावच्या पाहुण्यांना काय सांगू?" मार्चात सुट्टीवर आला तेव्हा पोरगी पाहून आला. पोरगी दवाखान्यात नर्स आहे, बोलायला चुणचुणीत. याने हो म्हटलं नाही, ना म्हटलं नाही, पोहे खाल्ले आणि रेल्वेत बसला. मध्यस्थ हिचा भाऊ माधव. तो आमचा जीव खातोय.

६ मे, मंगळवार
निरोप. "आई, बरा हाय. आज लंगरच्या जेवणात खीर होती. झोप चांगली लागती." मागून परत, "बाल्टी कहाँ गयी?"

ही म्हणाली, "त्यांच्या पलटणीत एकच बाल्टी हाय का काय?" आणि भाकरी थापायला गेली. मीही हसलो.

बागेत गेल्यावर हसू गेलं. पाटाच्या कडेला बसून राहिलो. दोन दिवसांनी तीच बाल्टी, तोच ओरडणारा, त्याच सुरात. म्हणजे हे एका बैठकीत भरून ठेवलेलं आहे. एकामागं एक. फोन खाली कुणा दोस्ताकडे आहे आणि तो एक-एक सोडतोय. आपला पोरगा खाली आलेलाच नाही.

मला कळणार नाही तर कुणाला? ही युक्ती त्याला मीच दिलेली. कारगिलच्या वेळी वर निघायच्या आदल्या दिवशी आमचे सुभेदार उस्ताद म्हणाले होते, घरच्यांना चार-सहा पत्रं लिहून ठेवा, तारीख मोकळी सोडा, क्लार्क टाकत जाईल. सगळ्यांनी लिहिली. मी सहा लिहिली. घरी वेळेवर पत्रं येत राहिली आणि आम्ही तिकडे वर. लई नामी वाटली होती तेव्हा. गेल्या वर्षी बागेत बसून कैलासला सांगितलंही, अगदी मिशीला पीळ देत. तो म्हणाला, "बाबा, भारी डोकं लावलं की."

आता भोगा.

७ मे, बुधवार
सकाळपासून टीव्ही. रात्री तिकडे मारा झाला म्हणे. आमच्याकडे अर्धी आळी गोळा. मी एकटाच माजी फौजी, म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. "तुमी सांगा की, पुढं काय व्हईल?" मी म्हटलं, चहा घ्या.

टीव्हीवरचा पोरगा नकाशावर काठी फिरवत होता. मी आवाज बंद केला. तिथं काठी फिरत नाही, पोरं फिरतात.

निरोप नाही.

९ मे, शुक्रवार
सं. निरोप. "इथली हवा चांगली हाय." टीव्हीवर सीमेच्या गावांत भोंगे वाजतायत, दिवे घालवलेत, आणि याची हवा चांगली हाय. मागून बाल्टी.

हिने रोजच्यासारखं विचारलं, "हदगावच्यांना काय सांगू?" दोन निळ्या टिका आल्या. म्हणजे तो दोस्त ऐकतो. त्या बिचाऱ्यानं तरी काय सांगावं?

मला भीती वाटते. इथं लिहितो, कारण बोलायला माणूस नाही. हिला सांगितलं तर जेवण सोडेल. स्वतः वर होतो तेव्हा एवढी भीती वाटली नव्हती, तिथं काम होतं. इथं नुसतं बसायचं आणि खोटं हसायचं.

१० मे, शनिवार
थांबलं. टीव्हीवर सांगितलं. गावात पेढे वाटले. माधवचा फोन, "दाजी, सुटलो बघा." मी पेढा खाल्ला.

थांबलं म्हणजे खाली आले असं नसतं. आमच्या वेळी थांबल्यावरही आम्ही लई दिवस वरच होतो. पण ते आज कुणाला सांगायचं? हिने देवापुढं दिवा लावला. मी पाया पडलो. बाकी काय करणार?

१२ मे, सोमवार
निरोप. नवीन काही नाही. बाल्टी आहे.

माधवचा परत फोन. पोरीला नांदेडचं दुसरं स्थळ आलंय, बँकेतला मुलगा. हदगावकर म्हणतात, हो का नाही ते एकदाचं कळवा. लढाईचं पाहून पोरीची आई बिचकली आहे, तिचंही चूक नाही. मी हिला म्हणालो, होकार देऊन टाक, पोराला नंतर सांगू. ही चिडली. "तुमाला कोण विचारून राहिलं? पोरगं सांगंल."

"ते कधी सांगणार? रोज विचारतीस, एकदा तरी बोलला का?"

"न्हाई बोलला तर न्हाई बोलला. दम धरा म्हणावं."

मला वाटलं, हिला काहीच कळत नाही. बाई भोळी ती भोळीच. तीस वर्षांच्या संसारात हिचं भोळेपण मीच सांभाळत आलो असा माझा समज. रागात चप्पल घालून बागेत निघून गेलो.

१४ मे, बुधवार
काल दुपारी निरोप, बाल्टी. सं. वादळ. वरच्या बागेतली निसवलेली, घड बाहेर पडलेली झाडं मधून मोडली. सकाळी घड गोळा करून बांधावर ठेवले. व्यापारी येतो म्हणाला, बघू.

दुपारी ही शेजारच्या लग्नाला गेली. मी ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुकाच्या खाली माझी जुनी पत्रं हिने ठेवली आहेत हे ठाऊक होतं, पण कधी बघितली नव्हती. मला फक्त एवढंच बघायचं होतं की माझी सहा पत्रं किती दिवस पुरली होती.

पत्रांचे दोन गठ्ठे निघाले. मोठा गठ्ठा साध्या सुतळीनं बांधलेला. धाकटा लाल दोऱ्यानं वेगळा. सोडला तर सहा पत्रं. तीच सहा. तारखा क्लार्कच्या अक्षरात, बाकी माझ्या. दुसरं एकही पत्र त्यात मिसळलेलं नाही.

गठ्ठा होता तसा बांधला. दोरा नीट बसला नाही.

१५ मे, गुरुवार
विचारलं. चहा पिताना. "ती सहा पत्रं वेगळी कामून बांधलीस?"

ती म्हणाली, "दोरा बघून कळलंच होतं, तुमी ट्रंक उघडली."

मग चहा गाळत गाळत सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. "पोरगा झाला म्हणून लिवलं तुमाला. नाव काय ठिवायचं, विचारलं. तुमचं पत्र आलं, पाऊसपाणी कसं हाय, बैलाला जपा. मला वाटलं, माझं पत्र पोचलं नसंल. दुसरं आलं, त्यातबी बैल. तिसऱ्यातबी बैल. तवा म्हणलं, बाप झालेला माणूस आधी बैलाचं विचारंल व्हय? हे आधीच लिवून ठिवलेलं हाय. माणूस कुठं हाय ते देवाला ठाऊक."

"मग? कुणाला बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? तुमच्या आईला? त्या हातरूण धरून होत्या. बारशाला कैलास नाव ठिवलं. तरी दर पत्रात विचारतच राह्यले, नाव काय ठिवू, नाव काय ठिवू. पुढं एक दिस तुमचं आलं, बालाजी ठिव म्हणून. त्या दिशी देवापुढं साखर ठिवली."

त्या वेळी खाली उतरलो तेव्हा हिची सगळी पत्रं एकदम हातात पडली होती. रडलो होतो आणि लगेच लिहिलं होतं, बालाजी ठेव. दिवाळीत सुट्टीवर आलो तर पोराचं नाव आधीच कैलास. आपल्या शब्दाला घरात किंमत नाही म्हणून इतकी वर्षं कुरकुर केली. पाहुण्यारावळ्यांत सांगितली, सासरवाडीत सांगितली. ही प्रत्येक वेळी पदर तोंडाला लावून हसायची. मला वाटायचं, लाजते.

"म्हणजे बाल्टी..."

"पहिल्या दुसऱ्यालाच कळलं. आन् पोराला ही अक्कल कुणी दिली तेबी कळलं." कप माझ्यापुढं सरकवला. "मी काय हो का नाही ते कळावं म्हणून रोज विचारते का? ज्या दिशी उत्तर येईल त्या दिशी समजायचं, पोरगं खाली आलं."

चहा निवून गेला. तसाच प्यायलो. भोळा कोण ते कळलं.

१७ मे, शनिवार
निरोप. "बरा हाय. जेवलो." बाल्टी. आता दोघं मिळून ऐकतो. बाल्टी आली की ही माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.

केळीची गाडी भरली. मोडलेल्याला भाव पडला तो पडला.

सं. माधवचा फोन. मनात म्हटलं, ठरलं नांदेडच्याशी. पण पोरीनं घरी सांगितलंय म्हणे, "त्याच्या तोंडून ऐकू द्या, मग बघू. तवर मी कुठं जात न्हाई." हिने फोन ठेवला आणि म्हणाली, "पोरगी चांगली हाय." मला पोरगी बघितल्यापासून आज पहिल्यांदा खरी आवडली.

१९ मे, सोमवार
निरोप नाही. पाऊस.

२० मे, मंगळवार
निरोप नाही. मी मोजले, सहा झाले. इतक्यात संपले असणार. त्यानंही माझ्याइतकेच भरले असतील, जास्त भरायला वेळ कुठं असतो? माझी पत्रं संपली तेव्हा मी अजून वरच होतो. मधले दिवस हिने कसे काढले ते आजवर मी विचारलं नव्हतं. आज विचारलं. म्हणाली, "काढले." एवढंच.

दिवसभर बागेत जीव लागला नाही. दोनदा घरी येऊन फोन बघितला. सं. जेवायला बसलो. शेवटी बोललोच, "आजही आला नाही गं."

ही भाकरी उलटवत होती. मागं न वळता म्हणाली, "बरं झालं. शिळं सरलं एकदाचं. आता येईल ते ताजंच येईल."

हात पुसून माझ्या शेजारी बसली. बटण दाबलं. "कैलास, हदगावच्या पाहुण्यांना काय सांगू?" आवाज रोजचाच. शेवटाला जरासा घसरला. मग फोन माझ्या तोंडाशी धरला. मी आजवर त्यात काही बोललो नव्हतो.

म्हटलं, "बाल्टी सापडली का रे?"

निरोप गेला. एकच टिक आली आहे, दुसरी अजून आली नाही. फोन चार्जिंगला लावला आहे. ही तिथंच भिंतीला टेकून बसली आहे.