मागचं सुटतंय

४ जानेवारी, रविवार
वाघोली. दिवसभर ट्रॅकवर. वैदेहीने रेसची रिमोटवाली छोटी गाडी आज पुन्हा पुन्हा आपटली, आणि दर वेळी एकाच जागी. चालवणारे रिमोट घेऊन ज्या मचाणावर उभे राहतात त्याच्या अगदी पायाशी असलेल्या नागमोडी वळणात. लांबच्या टोकाला झकास जाते, तिथे तिच्या जवळपास कोणी फिरकत नाही. आणि डोळ्यांसमोर येऊन आपटते. "मागचं सुटतंय," एवढंच म्हणाली. मागच्या चाकांनी पकड धरावी म्हणून मागच्या स्प्रिंगा नरम घातल्या. फरक शून्य. शेवटी पुढच्या चाकाचा आर्म तुटला, घरी आलो.

लग्नाच्या आधीपासूनचं ठरलेलं आहे. चालवायची बायकोने, सेटिंग नवऱ्याने. मी चालवली की गाडी भिंत शोधते, तिने पाना घेतला की स्क्रूचं डोकं जातं. गेल्या सीझनला क्लबात पहिली आलेली बाई ही. चूक तिची असणं शक्य नाही, म्हणजे माझीच.

६ जानेवारी, मंगळवार
जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून गाडी पूर्ण उघडली. मागचा डिफ, म्हणजे दोन चाकांमधला गिअरचा डबा, धुतला, पातळ तेल भरलं, मागची चाकं वळणात रस्ता धरून बसावीत म्हणून. मागच्या दोन चाकांचा कल किंचित वेगळा निघाला. सापडला चोर! दोष सापडला की किती बरं वाटतं. वै.ला दाखवायला गेलो. ती कॉलेजचे पेपर तपासत होती. "छान," म्हणाली. वर न बघता.

११ जानेवारी, रविवार
सकाळी बरी चालली. तिसऱ्या प्रहरानंतर पुन्हा तेच वळण, पुन्हा तेच. नवी बॉडी दारापासून दारापर्यंत चिरली. टायर बदलले, उंची बदलली, वजन मागे सरकवलं. प्रत्येक वेळी खाली येऊन तेच वाक्य, मागचं सुटतंय.
मी चिडून म्हणालो, "नक्की कुठे सुटतंय? आत शिरताना की बाहेर पडताना?"
"तुझी गाडी आहे, तू बघ."
तुझी! इतक्या वर्षांत गाडी पहिल्यांदाच माझी झाली. परतताना कार मीच चालवली. हल्ली संध्याकाळी किल्ली माझ्याकडेच असते.

१४ जानेवारी, बुधवार
ऑफिसातून परस्पर कसबा पेठेत, जावेदच्या दुकानी. तिळगूळ दिला. शाळेपासूनचा मित्र, तांब्यापितळेची भांडी विकतो आणि रविवारी आमच्यातच रेस करतो. त्याला सगळं सांगितलं. स्प्रिंग, तेल, टायर, सगळं. हंड्यांच्या उतरंडीमागून ऐकत होता.
"मिल्या, मला चालवायला दे एकदा. तुझ्यासमोर."
"वै.ला काय सांगू?"
"सांग, जावेदला तुमच्या गाडीचा हेवा वाटतोय. खोटं नाही ते."

१७ जानेवारी, शनिवार
जावेदने चालवली. मचाणाखालच्या वळणातून गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. पुन्हा. पुन्हा. मागचं कुठेच सुटत नाही. तो खाली आला, रिमोट माझ्या हातात दिला आणि हळू म्हणाला, "गाडीत काही नाही रे."
मग वै. चढली. आजवर मी मचाणाकडे पाठ करून उभा राहात आलो, गाडीकडे बघणं हे माझं काम. आज वळून तिच्याकडे बघितलं. बाकीचे नुसते डोळे फिरवतात. ती अख्खी मान फिरवत होती. गाडी पायाशी आली तशी सपकन आडवी गेली, आणि वै. क्षणभर जिथे बघत होती तिथे गाडी नव्हतीच. तिने शोधली. शोधेपर्यंत आपटली.
मी वळलो. गाडी उचलायला गेलो. बराच वेळ वाकून उभा होतो.

१८ जानेवारी, रविवार
ट्रॅकवर गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणालो.
आता एकेक आठवतंय. टीपॉयच्या कडेला लागून नडगीवर झालेलं काळंनिळं. "कोणी हलवलं हे?" कोणीच हलवलं नव्हतं. थिएटरात अंधारात माझा दंड घट्ट धरणं, मला वाटलं प्रेम. संध्याकाळी कार नको, "कंटाळा आलाय." मला वाटलं…

२० जानेवारी, मंगळवार
विचारलं शेवटी. चहा घेताना. कसं विचारायचं याची दिवसभर तालीम केली होती आणि ऐन वेळी म्हणालो, "वै., तुला दिसतं ना नीट?"
कप ठेवला तिने. "समोरचं सगळं दिसतं. अगदी लांबचंसुद्धा. कडेचं जातं." मग स्वतःचं बोट कानापाशी धरून हळूहळू नाकासमोर आणत गेली. "इथे येईपर्यंत नसतं. इथे आलं की असतं."
"कधीपासून?"
"दिवाळीच्या आधीपासून कळतंय. त्याच्या आधी बहुतेक कळत नव्हतं."
"मग बोलली का नाहीस?"
"बोलले की खरं झालं असतं."
रात्री तिने आईंना फोन केला, स्पीकरवर. त्या आधी काही नाही म्हणाल्या, मग थांबल्या. "तुझ्या अण्णामामाला नव्हतं बाई दिसत तिन्हीसांजेनंतर. आम्ही त्याला वेंधळा म्हणायचो." वै. नुसती हो, हो म्हणत राहिली. मी शेजारी उभा. करण्यासारखं काही नव्हतं, गॅस पुसला.

२३ जानेवारी, शुक्रवार
डोळ्यांचे डॉक्टर. तपासणीत एका वाटीसारख्या यंत्रात बघायचं, दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मला दाराशी बसू दिलं. दिवे दिसत नव्हते, नुसतं बटण ऐकू येत होतं. मधे मधे इतका वेळ आवाज नाही. दाब ना, दाब ना, असं मनात म्हणत बसलो होतो.
पडद्याचा आजार. घराण्यातून येतो. कडेची नजर आत आत येत जाते. थेंब नाहीत, ऑपरेशन नाही. "वेग कोणाला सांगता येत नाही. वर्षानुवर्षं तशीच राहील कदाचित." कदाचित. डॉक्टर भले होते, घाई केली नाही. अंधार पडल्यावर वाहन चालवू नका म्हणाले.
"आणि रिमोटची?" वै.ने विचारलं.
ते हसले. मग आमच्याकडे बघून हसायचे थांबले.

२६ जानेवारी, सोमवार
सुट्टी. दोन दिवस टेबलापाशीच होतो. बॉडीला भडक केशरी रंग मारला. स्टिअरिंग कमी केलं, पुढची पकड कमी केली. गाडी वळणात जरा उशिराने वळेल, आळसावेल, शोधायला तिला तेवढा वेळ मिळेल. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट गाडी बनवली.
दुपारी वाघोली. पहिल्याच फेरीत तिच्या लक्षात आलं. गाडी थांबवून खाली उतरली.
"हे काय केलंस?"
"सोपी केली थोडी."
"मी मागितली होती?"
मी पाना खिशात टाकला.
"रंग राहू दे," म्हणाली. "बाकी सगळं होतं तसं कर. माझी गाडी मला परत दे, मिलिंद."

१ फेब्रुवारी, रविवार
जावेदला सांगितलं, तिला विचारून. त्याला त्या दिवशीच कळलं होतं. त्यानेच सुचवलं की मचाणाच्या मध्यावर उभं राहू नका, एका टोकाला जा. तिथून गाडी आडवी जात नाही, अंगावर येते आणि लांब जाते. खरंच फरक पडला! सकाळभर एकदाही आपटली नाही. तिने खाली येऊन जावेदकडे वडापाव मागितला.
मग ऊन उतरलं आणि पुन्हा सुरू.
पुढच्या रविवारी क्लबाची रेस. फायनल संध्याकाळी, दिव्यांखाली. जावेद म्हणाला, "मी बोलतो ना, फायनल दुपारी घ्यायला लावतो. कारण नाही सांगणार."
"आपण कोणाशी काही बोलायचं नाही," वै. म्हणाली. तिने 'आपण' म्हटलं की विषय संपतो.

७ फेब्रुवारी, शनिवार
गाडी तयार. गेल्या सीझनसारखीच लावली आहे, तिखट. पण इतकी सुरेख यापूर्वी कधी बसली नव्हती. उद्या काय होणार मला माहीत आहे. तिलाही. स्क्रू आवळत राहिलो, आवळलेलेच.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी पात्रता फेरीत दुसरी आली. लोक पाठ थोपटायला आले.
फायनलला दिवे लागले. वर चढताना तिने मला हाक मारली. "वर ये. शेजारी उभा राहा. गाडी खाली आली की सांग कुठे आहे." मी कधी मचाणावर चढलो नव्हतो. वरून गाडी किती छोटी दिसते!
सुरुवात चांगली झाली. मी बोलत होतो. आली. डावीकडे. उजवीकडे. पण मी बघणार, मग बोलणार, मग ती ऐकणार. तोवर गाडी पुढे गेलेली. माझा प्रत्येक शब्द उशिरा. पहिल्यांदा आपटली, मग दुसऱ्यांदा. "सांग ना," ती म्हणाली, ओरडून नाही. सांगतच होतो.
शेवटची आली. पूर्ण केली पण. सोडून खाली उतरली नाही.
खाली एक जण म्हणाला, "काय मॅडम, गाडीने दगा दिला वाटतं आज?"
"सेटिंग चुकलं यांचं," वै. म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.
"हो," मी म्हणालो. "मागचं सुटत होतं."
जावेद पलीकडे बॅटरी काढत होता. त्याने मान वर केली नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार
गाडी बॅगेतून बाहेर काढलेली नाही.
तिला कॉलेजातून यायला आज उशीर झाला, कर्वेनगरात दिवे लागले होते. घ्यायला यायचं नाही, असं बजावलंय. गॅलरीत उभा राहिलो. सोसायटीच्या फाटकातून आली. पार्क केलेल्या गाड्यांवरून हात फिरवत, जणू सहज. कोणीतरी वाटेत स्कूटर आडवी लावली होती. मी चप्पल घातली. काढली. परत घातली. तिचा गुडघा लागला, थांबली, हाताने हँडल चाचपलं, वळसा घालून पुढे आली.
दार उघडलं.
"बघत होतास ना?"
"नाही."
"खोटं बोलू नकोस. दिवा लावून उभा होतास. लांबचं दिसतं मला."
मग हातपाय धुऊन आली, पोहे केले, खाल्ले. शनिवारी सकाळी ट्रॅकवर जायचं का, असं विचारलं. ती समोर बसून उत्तराची वाट बघतेय. मी हे लिहितोय.