दिवा लागलेलं घर

२४ नोव्हेंबर

आज शेळवण्याला राहायला आलो. इन्सुलीहून टेम्पो निघाला तेव्हा माझ्या मांडीवर देवांची पेटी होती, आणि विनीतच्या मांडीवर मिक्सर. वाटेत तो म्हणाला, बघ, कोणाचा देव मोठा ते कळतंच. मला हसू आवरेना.

विनीतची बदली इथल्या टपाल कार्यालयात झाली आहे. घर नवं आहे. मालक मुंबईला असतात. पुढे पडवी, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि खिडकीतून खाडी दिसते. शेजारच्या आनंदीबाई लगेच तिसऱ्यांचं सुकं घेऊन आल्या. मला बघताच कितवा म्हणून विचारलं. चौथा लागला, असं मी हळूच सांगितलं.

याआधी दोनदा राहिलं नाही. म्हणून निघताना सासूबाईंनी माझ्याकडून बोलून घेतलं आहे: नव्या घरात सव्वा महिना एकही संध्याकाळ दिव्याशिवाय जाऊ द्यायची नाही. त्याच घरात, त्याच देवांपुढे, माझ्याच हातानं. दिवा टिकला तर मूल टिकेल. त्यांनी सुशीला हे आपलं नाव घेऊन देवाला सांगितलं, मग माझं नाव घेतलं, संचिता.

आजचा दिवा लावला. गॅसचं बटण दोनदा बघून आले. आता झोपते.

३० नोव्हेंबर

घर लागलं. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. आई अजून अंगठाच लावते. शाळेतल्या बाई सांगायच्या, रोज दिवसाचं खरं लिहून ठेवावं. ती सवय राहिली आहे, म्हणून लहानसहान गोष्टीही लिहिते. सकाळी उलट्या होतात. आमसुलाचा तुकडा तोंडात धरला की बरं वाटतं. आनंदीबाईंनी बरणीभर आमसुलं दिली आहेत.

८ डिसेंबर

देवळात कौल झाला. दोन दिवसांनी गावपळण.

मी ऐकलं होतं, पण कधी पाहिलं नव्हतं. काही वर्षांनी एकदा देवानं सांगितलं की सगळा गाव तीन रात्रींसाठी वेशीबाहेर जातो. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. खाडीपलीकडे झोपड्या बांधून राहायचं. गावात कोणी राहायचं नाही, चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही. गाव कोणासाठी रिकामा करायचा, असं मी आनंदीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्या आधीचे. त्यांची नावं घेत नाहीत.

मला दिव्याची काळजी लागली. विनीत म्हणतो, दिवा झोपडीत लाव, देव काय पत्ता बघतो? पण मी बोललेय ते या घराबद्दल. सासूबाईंना फोन करावा असं वाटलं, आणि केला नाही. त्या नको म्हणाल्या तर? हो म्हणाल्या तर?

११ डिसेंबर

झोपड्यांत मजा आहे. खोटं का लिहू? एकत्र जेवण, भजन, मुलांचा दंगा. देवळातले गंगाराम गावकर विनीतला म्हणाले, "पोस्टमास्तरांनू, थंयसर आता टपाल कोण वाटतलो? भुतां सही करून घेतत काय?" सगळे हसले.

काल झोपडीत दिवा लावला. वाऱ्यानं विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. रात्रभर ओटीपोटात दुखत होतं.

१२ डिसेंबर

मी जाऊन आले. घरातल्या दिव्याच्या दोन संध्याकाळी चुकल्या होत्या, तिसरी चुकवायची नव्हती.

ऊन कलल्यावर खाडीवर पाय धुते असं सांगितलं आणि साकवावरून पलीकडे गेले. गावात कुत्रंही नव्हतं. स्वतःच्या चपलांचा आवाज नकोसा झाला, म्हणून त्या हातात घेतल्या. कुलूप काढलं, देवांपुढे बसले, वात लावली. उद्यापर्यंत पुरावं म्हणून तेल काठोकाठ ओतलं. ज्योत अगदी सरळ उभी राहिली. पोटातलं दुखणं तिथल्या तिथे थांबलं.

उठताना पाहिलं, स्वयंपाकघरातली फरशी ओली होती. नुकतीच पुसल्यासारखी. आणि भाताचा वास येत होता.

मी मागे वळून न बघता आले. विनीतला सांगितलेलं नाही.

१३ डिसेंबर

कौल मिळाला. ढोल वाजवत गाव परत आला. विनीतनं दार उघडलं, तेव्हा दिवा जळत होता. तेल तसंच काठोकाठ. विनीत पेट्या उचलत होता, त्याचं लक्ष गेलं नाही.

१७ डिसेंबर

तीन संध्याकाळी दिवा माझ्याआधी लागलेला असतो. मी विनीतला विचारते, तो म्हणतो तूच लावलास, मी पाहिलं.

आज आनंदीबाई आल्या. पडवीवर चढल्या नाहीत. अंगणातूनच म्हणाल्या, पळणीत खाडीपलीकडून तुमच्या खिडकीत उजेड दिसला होता, आमच्या घरच्यांना वाटलं चांदणं. मग थेट विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. सांगितलं.

त्या अंगणातच दोन पावलं मागे सरल्या. मग म्हणाल्या, "दिवो लागलेला घर म्हंजे दिलेला घर, गो. गावान तीन राती दिल्यान. तू कायमचा दिलंस."

१९ डिसेंबर

गंगारामांनी उंबऱ्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. नारळ फोडला. आत पाणी नव्हतं, खोबरं नव्हतं. ते म्हणाले, पळणीत आलेले बाकीचे गेले, या घरात शिरलेलं कुटुंब जात नाही. तुम्ही आजच निघा, आणि दिवा लावू नका. मी विचारलं, आणि माझं मूल? त्यांनी रिकाम्या करवंट्या उचलल्या.

विनीतनं त्यांना फाटकापर्यंत सोडलं. नंतर चिडला. पोस्टात लोकांना काय सांगू, बायकोनं भुतांना घर दिलं? नाताळात रजा मिळेल तेव्हा इन्सुलीला जाऊ म्हणाला.

मी एकटी जाऊ शकते. पण सव्वा महिना झालेला नाही. मध्येच सोडलं आणि पोटातलं गेलं तर ते माझ्यामुळे.

२१ डिसेंबर

विनीत जेवताना म्हणाला, तू हल्ली काम करताना गुणगुणतेस, छान वाटतं.

मी गुणगुणत नाही.

म्हणाला, सकाळी न्हाणीघराचं दार लावलेलं होतं आणि तू स्वयंपाकघरात पाठमोरी होतीस.

न्हाणीघरात मी होते.

२२ डिसेंबर, सकाळ

आमसुलांची बरणी रिकामी झाली आहे. मी आठवडाभर हात लावला नव्हता. मला आता उलट्या होत नाहीत. आंबट नकोसं वाटतं. काहीच खावंसं वाटत नाही.

देवांपुढे कोणाची तरी ओटी भरलेली आहे. तांदूळ, नारळ, खण. मी भरलेली नाही. माझी भरलेली नाही.

२२, दुपार

आनंदीबाईंना हाक मारली. अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. बघितलंच नाही. जवळ जाऊन पुन्हा हाक मारली. त्यांनी अंगावर काटा आल्यासारखा पदर ओढला आणि माझ्या मागे, आमच्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, बरी आसंस मां गो?

त्या मला विचारत नव्हत्या.

२३ डिसेंबर

ठरवलं. दिवा विझवते. मूल राहील, न राहील, पण निदान माझं— 

विझवला. फुंकरीनं नाही, बोटांनी. भाजलं नाही.

संध्याकाळ

पिशवी आणि ही वही घेऊन पडवीत आले. विनीत आला की निघायचं. मागे दार लागलं. मी लावलं नाही. आतून कडी—

खिडकीत उजेड. पुन्हा लागला. भाताचा वास. कोणीतरी गुणगुणतंय.

विनीत येतोय, फाटक वाजलं. मी उभी आहे त्याच्या समोर. त्यानं चपला काढल्या. माझ्या पायांवर. मला काही लागलं ना—

हाक मारली. पुन्हा मारली. विनीत. तो दाराकडे तोंड करून म्हणाला, "संचिता, दिवो लायलंस काय गो?"

आतून माझ्या आवाजात, "लायलंय."

कडी निघाली. तो हसला. तिच्या पोटाकडे बघून हसला, आत गेला, दार—

मी पोटावर हात ठेवला. हाताला काहीच लागत नाही. पोट