गोधडीचा घास

वेंगुर्ला
४ फेब्रुवारी २००७

माही आई,

पाया पडते. हे पत्र आपल्या धाकट्या रजतच्या हाती देऊ नको. चष्मा लाव अन् तूच वाच.

मी बरी आहे. फुलसावंगीत अजून थंडी असंल, इथं घामाच्या धारा लागतात. कापूस घरातच पडून आहे म्हणे. भाव नाही तर नाही, तू जिवाले लावून घेऊ नको. अन् होळीले इकडे यायचं म्हणतेस, तर एवढा खटाटोप कायले? तीन गाड्या बदलाव्या लागतात. तुले बस लागते.

खोटं आहे थे. तू येऊच नये म्हणून लिहून राह्यली मी.

आमचं हॉटेल लय देखणं आहे, आई. करवंटीचे दिवे, लाकडी खेळणी, सगळं इथल्याच कारागिरांचं. मालकीणबाईले तेच लागते. माह्या खोलीत त्यायनं तू देल्ली गोधडी पाह्यली, तुह्या हिरव्या लुगड्याची. "कुठली गं ही?" त्यायची खुशी पाहून माह्या तोंडून निघून गेलं, "इथल्याच बाया शिवतात." दुसऱ्या दिवशी गोधडी हॉटेलात शिरताच समोरच्या भिंतीवर चढली, खाली तशी पाटीही लागली. पाव्हणे फोटो काढतात अन् मी बाजूले उभी राहून हसते. मोठी शहाणी!

एवढ्यावर निभलं असतं. पण तिच्या एका कोपऱ्याले मुंग्या लागल्या. "शी! आत काय आहे?" बाई ओरडल्या. मले माहीत होतं. शेवटचा टाका घालायच्या आधी तू भाकरीचा तुकडा आत ठेवतेस. "उपाशी गोधडी लेकराले देऊ नये," म्हणतेस. मी काय म्हटलं असंल? "खेड्यातल्या अडाणी बाया, मॅडम." अन् माह्याच हातानं कैचीनं कोपरा उसवला, तुकडा कचऱ्यात टाकला.

संध्याकाळी डबा उपसून पाह्यला. कचऱ्याची गाडी येऊन गेलती.

तवापासून जेवाले बसलं की घास तोंडातच फिरते. लाज वाटते आई, लय लाज वाटते.

काल बाईले सगळं खरं सांगितलं. नोकरी राह्यते का जाते, उद्या सोमवारी कळंल. पाटी मीच काढली.

आता तू येच. सुईदोरा अन् ज्वारीची भाकर आणजो. सगळ्यायच्या पुढं तुह्या हातानं थो कोपरा शिव. मी बाजूले उभी राहून सांगीन, हे माही माय. अन् यावंसं नाही वाटलं, तर नुसता तुकडा पोस्टानं धाडजो. टाके मी घालीन.

तुही गोधडी उपाशी ठेवणारी,
निकिता