वही ज्याच्या हातात

प्रिय दादा,

वहिनी फोनवर सांगत होती, निवृत्त झाल्यापासून तू घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलंस, आणि आता कुरकुरायला घरात ती एकटीच उरली आहे. तिची दया आली म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, असं समज. खरं कारण शेवटी सांगेन. नेहमीसारखं शेवटचं पान आधी वाचायचं नाहीस.

बातमी अशी, की गेल्या महिन्यात मी ऑफिसात इतकी हसले की शेजारच्या खोलीतले साहेब उठून बघायला आले. आमच्याकडे हसू दुर्मीळच. आपल्याच सरकारने छळलं म्हणून पळून आलेली माणसं इथे आसरा मागतात, आणि त्यांचं म्हणणं खरं की रचलेलं, हे मला ठरवावं लागतं. हो म्हटलं तर माणूस इथे राहतो, नाही म्हटलं तर परत तुरुंगाच्या दारात. वीस वर्षं हे करतेय, तरी सही करण्याआधी पेन दोनदा खाली ठेवते.

त्या दिवशीचा माणूस नाटकातला प्रॉम्प्टर. नाव-गाव सांगत नाही, नियम आहे. पन्नाशीचा, हडकुळा, खुर्चीच्या टोकावर बसून कुजबुजत बोलणारा. त्याच्या देशात एका नाटकात राजाचं काम करणारा नट भर प्रयोगात अडला. याने विंगेतून वाक्य दिलं, पण वहीतलं नाही, स्वतःच्या मनाचं: प्रजेची पायपीट नको म्हणून सगळ्यांची मतं मीच टाकून आलो. नटाने सवयीने ते खणखणीत आवाजात म्हणून टाकलं. तिथे नुकतीच निवडणूक झाली होती, आणि तशीच झाली होती. लोक हसून हसून लोळले. दुसऱ्या दिवशी पोलीस नटाला घेऊन गेले.

आता माझी चूक ऐक. आमच्याकडे प्रत्येकाची मुलाखत दोनदा होते. मध्ये काही महिने जाऊ द्यायचे, मग दोन्ही जबाब शेजारी ठेवून ताडून बघायचे. खरं बोलणारा थोडा चुकतोच. मंगळवारचा बुधवार करतो, विसरलेली मावशी त्याला दुसऱ्या खेपेला आठवते. फार चुकला तर संशय, आणि अजिबात चुकला नाही तर त्याहून जास्त संशय, कारण पढवून पाठवलेली माणसं आम्ही ढिगाने पाहिली आहेत. याचा जबाब दोन्ही वेळा साडेतीन पानं, शब्दाला शब्द तोच. 'मग मी जरा थांबलो' हेसुद्धा त्याच जागी! मी लाल पेनाने 'पाठांतर' लिहिलं आणि नकाराचा मसुदा करून ठेवला. त्याचा धंदा फायलीच्या पहिल्याच पानावर लिहिलेला होता, दादा. मी तो वाचलाही होता. डोक्यात काही शिरला नव्हता.

नकार देण्याआधी संशय माणसाच्या तोंडावर सांगायचा, अशी आमची पद्धत. त्यासाठी त्याला बोलावलं. सुरुवातीची सूचना मी रोज घडाघडा म्हणते, तशी म्हणू लागले आणि मध्येच ठसका लागला. तेवढ्यात समोरून, अगदी हळू, पुढचं वाक्य आलं. आपल्या भाषेत! त्याला आपला एक शब्द कळत नाही. दुभाषी बाई आ वासून बघत राहिल्या. मी हातानेच खूण केली, पुढे? तर पठ्ठ्याने सगळी सूचना नुसत्या आवाजावर म्हणून दाखवली. मी चष्मा पुसायला जिथे थांबते तिथे थांबलासुद्धा. दोनदाच ऐकली होती त्याने. मी हसायला लागले, ते हसू थांबेचना. मग बाई हसल्या, मग तोही.

हसता हसताच मला चटका बसला. वीस वर्षं मीही तेच, शब्दाला शब्द म्हणतेय, आणि मला कोणी खोटारडी म्हटलेलं नाही. साहेबांनी खात्री करून घेतली. भिंतीवरची आगीची सूचना बाईंनी त्याच्या भाषेत एकदा वाचली, अर्ध्या तासाने त्याने ती परत म्हटली, बाईंच्या शिंकेसकट. नाटकावरच्या बंदीचा हुकूम आणि त्याच्या नावाचं वॉरंट फायलीत आधीपासून होतं, अडलं होतं ते माझ्या लाल पेनापाशी. मसुदा मी माझ्या हाताने फाडला. मंजुरीवर सही केली ती पेन एकदाही खाली न ठेवता. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

संध्याकाळी जबाब पुन्हा वाचला, या वेळी संशय बाजूला ठेवून. पोलिसांनी नटाला धरलं होतं, याला कोणी ओळखतही नव्हतं. हा स्वतः उठून ठाण्यात गेला. नटाचा दोष नाही, वही ज्याच्या हातात त्याचा असतो, एवढंच त्याने सांगितलं. नट सुटला, हा चाळीस दिवस आत राहिला, आणि सुटल्यावर पुन्हा वॉरंट निघालं तेव्हा पळाला. दोनदा वाचलेलं ते वाक्य तिसऱ्यांदा वाचताना मला रडू फुटलं.

दादा, शाळेचं नाटक आठवतं? तू कापसाची दाढी लावलेला न्यायाधीश, मी विंगेत स्टुलावर उभी, वही माझ्या हातात. तू अडलास, मी वाक्य दिलं, आणि तू खुन्याला शिक्षा सुनावून मोकळा झालास. खून अजून व्हायचा होता! सगळं सभागृह हसलं. घरी आल्यावर तू म्हणालास, बुटकीने बरोबरच दिलं असणार, माझंच डोकं फिरलं. आणि मी मान डोलावली. त्यानंतर तू कधी स्टेजवर पाऊल ठेवलं नाहीस, चार माणसांत बोलायची वेळ आली की पाणी प्यायला उठतोस. तुझं डोकं फिरलं नव्हतं रे. मी दोन पानं एकदम उलटली होती, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. पंचेचाळीस वर्षं गप्प बसले, मला माफ कर. दुभाषी बाईंचं हौशी नाटक मंडळ आहे, तालीम दर रविवारी चार वाजता. प्रॉम्प्टर म्हणून त्यांनी यालाच धरलंय, आणि तो आपल्या भाषेतलं अख्खं नाटक आवाजावर पाठ करतोय. आजोबांचं काम रिकामं आहे, मी तुझं नाव सांगून टाकलं. दाढी तर आता तुझी स्वतःचीच आहे. वही त्याच्या हातात असेल. मी समोर पहिल्या रांगेत, दोन्ही हात रिकामे ठेवून बसेन.

तुझीच,
बुटकी