अंगणातल्या मातीचा धनी कोण

तीर्थरूप दादास,

खाली वाकून नमस्कार केला आहे असं समज, पण वाकल्या वाकल्याच विचारते: माझ्या अंगणात तू भरून दिलेल्या त्या ‘पक्क्या मातीनं’ माझ्या पोटावर पाय आणला, हे तुला कळलं का? वहिनीचे गुडघे कसे आहेत ते कळव. (तुझी तब्येत विचारत नाही, ती तू न विचारताच सांगतोस.)

सोमवारी मी लॉजच्या ओल्या चादरी दोरीवर टाकत होते, तेवढ्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेले दोन सरकारी साहेब मागच्या दारानं आले. हातात रेडिओएवढं यंत्र. रस्त्यात गप्प होतं, माझ्या दोरीखाली आलं आणि लाह्या फुटाव्यात तसं तडतडायला लागलं. म्हणाले, ही माती बंद पडलेल्या घड्याळाच्या कारखान्यातली, अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं रेडियम हिच्यात आहे. मी म्हटलं, "साहेब, तीस वर्षं लोकांचे डाग काढतेय, सोडा किती घालू तेवढं सांगा." दोघं हसले, पिवळी पट्टी बांधली आणि माझं धुण्याचं दुकान बंद. चादरी पट्टीच्या आत, लॉजवाला पट्टीच्या बाहेर, मधे मी शिव्या खाते.

आता कायदा ऐक. माती काढायला परवाना लागतो. परवान्याचा अर्ज जबाबदार माणसानंच करायचा. जबाबदार कोण, ते माती काढून तपासल्यावर ठरणार. (हे ज्यानं लिहिलं त्याच्या बायकोची मला दया येते.) काढलेली माती पिंपांत भरून नेमलेल्या जागी ठेवायची, आणि जागा नेमेपर्यंत कुठे? माझ्याच अंगणात! म्हणजे आज निमूट खाली पडलेली माती उद्या झाकण लावून छातीएवढी उभी राहणार. शिवाय साहेबांचे ते कोरे कपडे रोज पिशवीत कोंबून फेकायचे, धुवायचे नाहीत, हाही नियमच. बघून माझे हात शिवशिवतात.

ज्यानं जाणूनबुजून माती टाकली, सफाई त्याच्या गळ्यात. कारखान्याचा मालक वर गेला, तिथे नोटीस पोचत नाही. ज्यानं नकळत टाकली तो सुटला, मग सफाई सरकारनं करायची. आणि कोणीच पुढे आलं नाही, तर जिच्या दारात माती ती जबाबदार. म्हणजे मी. तू त्या कारखान्यात पंधरा वर्षं मुकादम होतास. तीन ट्रॉल्या तूच आणल्यास, वर "बहिणीचा चिखल मिटवला" म्हणून साऱ्या गल्लीला ऐकवलंस.

तुझी धाकटी बहीण

ता.क. खरं काम हे. "त्या मातीत काय आहे ते मला माहीत नव्हतं" एवढं लिहून सही करून पाठव. जड जाईल, ठाऊक आहे. जन्मात तुझ्या तोंडून ‘माहीत नाही’ ऐकलेलं नाही, जन्मताना सुईणीलाही तूच शिकवलं असशील. पण खाली रेडियमवर व्याख्यान जोडू नकोस. एक ओळ जास्त लिहिलीस की सफाई तुझ्या गळ्यात.

ता.क. आणखी एक. तेव्हा तुझ्या दारातही माझ्या अंगणातल्याएवढाच खड्डा होता, आणि ट्रॉल्या तुझ्या दारावरूनच आल्या. तो खड्डा तू विकतचा मुरूम आणून भरलास. (वहिनीनं सांगितलं, तिच्यावर डाफरू नकोस.) साहेबांना मी हे बोललेले नाही. त्यांना कागद शुक्रवारी द्यायचा आहे. मला वेगळं पत्र लिही, खरं खरं, आणि दोन्ही गुरुवारपर्यंत माझ्या हातात पडू देत. त्यांचा कागद त्यांना द्यायचा की नाही, ते मी माझं पत्र वाचून ठरवीन.