चाकं हवेत असताना आवळलेले बोल्ट

प्रिय बाबा,

आज सकाळी तुमची लाल गाडी पुन्हा जॅकवर चढवली, आणि तुम्हाला लिहिल्याशिवाय हात धुवावेसे वाटेनात. कागदाला ग्रीस लागलंय. चालेल ना?

येत्या रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी गाडी निदान फाटकापर्यंत तरी चालावी, एवढंच मनात होतं. म्हणून पुढच्या चाकांना गाडीशी जोडणारे आर्म काढले, त्यांच्या सांध्यातले रबराचे बुश पाहिले आणि तिथंच फरशीवर बसलो. चारही बुश एकाच बाजूला पिळून फाटलेले.

कशानं, ते तुम्ही एका नजरेत सांगितलं असतंत. मला तर पाहायचीही गरज नव्हती.

रिटायर झाल्यावर तुम्ही ही भंगारातली स्पोर्ट्स कार समता कॉलनीतल्या आपल्या अंगणात आणलीत, तेव्हा आई काय म्हणाली होती, आठवतं? "घरात माणसं पाच, अन् गाडी दोघाची! बाकीच्यायनं मागून धावाचं का?" तुम्ही नुसते हसलात. जन्मभर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये डब्यांच्या स्प्रिंगा बसवल्या होत्यात. हे पहिलंच काम स्वतःच्या हौसेचं.

सस्पेन्शन आपण दोघांनी मिळून नवं केलं. वर्कशॉपचा रिवाज तुम्ही घरीही पाळायचात: बोल्ट पक्का आवळला की त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ. रेघ दिसली की त्या बोल्टला पुन्हा कुणी पाना लावायचा नाही.

त्या दुपारी तुम्ही जेवायला आत जाताना बजावलंत, "बुशचे बोल्ट ढिलेच राहू दे. गाडी खाली उतरव, चाकावर वजन येऊ दे, मंगच आवळ. हवेत आवळशील त रबर पिळलेलंच राहीन, पोट्ट्या. फाटन लवकर."

"हव बाबा," मी म्हणालो.

संध्याकाळी ताई आणि भाऊजी गाडी पाहायला येणार होते. खाली उतरवल्यावर त्या बुटक्या गाडीखाली शिरायचं म्हणजे पोटावर सरपटायचं. मी कंटाळा केला. चाकं लटकत असतानाच सगळे बोल्ट आवळले. आणि बाबा, वर रेघाही ओढल्या. तुमच्याच ब्रशनं!

तुम्ही हात पुसत बाहेर आलात, वाकून रेघा पाहिल्यात. "वजनावर आवळले ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

पुढे गाडी करकरू लागली, एका बाजूला ओढू लागली. एकदा तुम्ही भाऊजींना शेजारी बसवून नेलंत, तर बूढापारा मोहल्ल्यात एका खड्ड्यावर असा आवाज झाला म्हणे, की पानठेल्यावरचे लोक वळून पाहू लागले. घरी आल्यावर भाऊजी सगळ्यांसमोर हसले, "बाबूजी, अब पाना छोड़िए, माला पकड़िए!"

तुम्ही स्वतःच्या हातांकडे पाहिलंत. "असन बाप्पा. हात थरथरून राहिले आजकाल. माह्याच्यानंच काही चुकलं असन."

मी तिथंच होतो. चहाचा कप हातात धरून. एक वाक्य बोलायचं होतं, एकच! नाही बोललो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पान्यांची पेटी माळ्यावर टाकलीत. ती मी या आठवड्यात उतरवली, तुम्ही गेल्यावर वर्षभरानं.

भाऊजी हसले त्या दिवसाची माझी डायरीही काढून पाहिली. लिहिलंय, 'बाबांचं आता वय झालं.' जे माझ्याशिवाय कुणी वाचणार नव्हतं, तिथंही मी खोटं लिहिलं. आताही या पत्रात आधी 'मला तेव्हा संशय आला होता' असं लिहिलं आणि खोडलं. संशय कसला? माहीत होतं.

तुम्ही तरी एकदा पाना लावून पाहायचं होतंत. रेघेवर इतका विश्वास का ठेवलात? की माझ्यावर? बघा, अजूनही दोष तुमच्याच माथी मारतोय.

नवे बुश बसवलेत. बोल्ट ढिले आहेत आणि रविवारपर्यंत ढिलेच राहतील. पानं वाढायच्या आधी सगळ्यांना अंगणात नेईन, फाटलेले बुश भाऊजींच्या हातात देईन आणि त्यांचे बोल्ट हवेत कुणी आवळले होते ते सांगेन. आईसमोर. ताईसमोर. भाऊजी हसले तर हसू देत, या वेळी माझ्यावर हसतील.

मग गाडी खाली उतरवीन, पोटावर सरपटत आत शिरेन आणि वजनावर आवळीन. तुमच्या ब्रशला त्याआधी हात लावणार नाही.

हव बाबा. या वेळी खरंच.

तुमचा,
सुधीर