नाव काढलेल्यांची यादी

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग प्रत्यक्षात जमत नाही, पण कागदावर अजून जमतो.) तुझं पत्र येऊन तेवीस दिवस झाले आणि उत्तर आज लिहितो आहे, त्याबद्दल माफ कर. पत्र मिळालंच नाही असं कळवावं, हेही मनात येऊन गेलं. पण मग तू तेच पुन्हा लिहून पाठवशील, आणि ते दुसऱ्यांदा वाचायची माझी छाती नाही. तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती घेऊनच पुढचं वाच. माझं म्हणशील तर डावा डोळा बरा आहे, उजवा नाही, आणि झोपेचं विचारू नकोस.

सव्वीस वर्षांनी तू मला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलंस. मधल्या काळात आपण चार लग्नांत भेटलो, पण तेव्हा तू शेजारच्या बाईला सांगायचीस, "ह्यांना म्हणावं, तिकडे खुर्ची मोकळी आहे," आणि मी त्या बाईंचे आभार मानून बसायचो. आता थेट लिहिलंस, "धाकट्या, शेवटी शाळेला कळलं माझं पोर काय आहे ते. सत्काराला मीही येते. तुला माफ केलं. गाडी कुठे बदलायची ते कळव." मी हे पत्र वाचून रडलो आणि लगेच मला घाम फुटला. कारण अक्का, भाच्याला सत्काराचं निमंत्रण गेलं ते चुकून गेलं. चूक माझी आहे. हे एवढं वाक्य लिहायला मला तेवीस दिवस लागले. आता बाकीचं सावकाश सांगतो.

शाळेला यंदा पन्नास वर्षं झाली. नव्या मोठ्या बाईंना (म्हणजे मुख्याध्यापिका, चार वर्षं झाली, पण माझ्या लेखी नव्याच) माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घ्यायचा होता. शाळा सोडल्यावर कोण कुठे गेलं हे अडतीस वर्षं टोल देणाऱ्या शिपायाला माहीत असणार, म्हणून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी मलाच बोलावणं आलं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. बाई जिन्यावरून खाली येत होत्या, कानाला फोन होता, आणि फोनवर हात ठेवून त्या मला म्हणाल्या, "काका, नाव काढलेली मुलं शोधा. पन्नासेक. निमंत्रणं छापून आलीत, नावं घालून तुम्हीच टाका पोस्टात." आणि गेल्या.

आता तू सांग. नाव काढलेली मुलं म्हणजे कोणती? माझं शिक्षण सहावीपर्यंतचं. अडतीस वर्षं मी वर्गावर्गातून हजेरीची वही गोळा करून कचेरीत नेली, आणि त्या वहीत लाल शाईनं जे लिहिलेलं असायचं ते मला पाठ आहे: 'नाव काढले.' सतत गैरहजर, नाव काढले. शिस्तभंग, नाव काढले. एखाद्यानं शाळेचं नाव काढलं म्हणजे कीर्ती मिळवली, असंही म्हणतात हे काय मला माहीत नाही? माहीत आहे. पण कचेरीच्या जिन्यावर उभं राहून सांगितल्यावर कचेरीचाच अर्थ डोक्यात येणार ना! मला वाटलं, पन्नास वर्षांनी शाळेला उपरती झाली. ज्यांना हाकललं त्यांना मानानं परत बोलावते आहे. बाई वयानं लहान पण मनानं केवढ्या मोठ्या, असं मी घरी जाऊन सुनेलाही सांगितलं. (ती म्हणाली, "पुन्हा एकदा विचारून घ्या." ती प्रत्येक गोष्टीत असंच म्हणते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.)

माळ्यावरच्या वह्या काढून, लाल शाई शोधून शोधून मी सेहेचाळीस नावांची यादी केली. पत्ते शोधायला दोन महिने गेले. छापील कार्डावर मजकूर होता, 'आपण नाव काढलेत, याचा शाळेला अभिमान आहे.' अभिमान हा शब्द मला जरा जास्त वाटला, पण छापलेल्याला आपण काय नावं ठेवायची.

पंधरा दिवसांत चव्वेचाळीस जणांची उत्तरं आली. सगळे येतो म्हणाले. बाईंनी यादी पाहिली तेव्हा आधी त्यांना वाटलं मी दुसऱ्या कुठल्या शाळेची आणली. हृदयाचा डॉक्टर कुठे आहे? तो मोठा अधिकारी? मी म्हणालो, बाई, त्यांचं नाव कधी काढलंच नाही, ते शेवटपर्यंत पटावर होते. आणि पुरावा म्हणून वही उघडून लाल शाई दाखवली. बाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ हसत होत्या की दुसरं काही, ते मला कळेना, कारण चेहरा हातांत होता. मग मात्र कडक आवाजात म्हणाल्या, "काका, हे सगळं रद्द. प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटून निरोप द्या. चूक झाली म्हणून सांगा."

म्हणून मी निघालो. पहिला लिफ्टवाला. नववीत त्यानं विजेच्या पेटीत पेचकस घालून सगळी शाळा अंधारात घातली, म्हणून त्याचं नाव निघालं. आता सात इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हाताखाली आहेत. मी गेलो तेव्हा तो गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत कोपरापर्यंत ग्रीस माखून बसला होता. निमंत्रणाचं कार्ड त्यानं लिफ्टच्या आत चिकटवलं आहे, 'सहापेक्षा जास्त माणसांनी चढू नये' ह्या पाटीच्या शेजारी. म्हणाला, "काका, लिफ्ट बंद पडली की लोक माझं नाव घेतात. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा चालू लिफ्टमध्ये घेतायत." मी विचारलं, मेळाव्याला किती वाजता येणार, आणि खाली उतरलो. जिन्यानं उतरलो, कारण लिफ्टमध्ये ते कार्ड होतं.

दुसरी शिवणवाली. आठवीत आई अंथरुणाला खिळली, पोर घरी राहिली, सतत गैरहजर, नाव काढले. तिच्या दोन खोल्यांत पाच मशिनं आहेत आणि आपल्याच शाळेचे गणवेश ती शिवते. गठ्ठे पोचवायला येते ती फाटकापर्यंत. शिपाई आत नेतो. (मीही नेलेत. कधी आत ये म्हणालो नाही, हे तिथं उभा असताना आठवलं.) मी तोंड उघडणार तोच ती टेप घेऊन पुढे आली. "काका, हात वर करा. तुम्ही मंचावर असणार, असल्या सदऱ्यात चालायचं नाही." दोन्ही हात वर करून कुणाला वाईट बातमी देता येत नाही अक्का, हे मी अनुभवानं सांगतो. तिनं छातीचं माप घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या, म्हणाली, "एवढं धडधडतंय काय? सत्कार माझा आहे." कोट शुक्रवारी मिळणार आहे.

असा मी अकरा ठिकाणी गेलो. अकरा ठिकाणी चहा घेतला. रोज संध्याकाळी बाईंच्या टेबलावरच्या डायरीत लिहीत गेलो, 'निरोप दिला.' हे खोटं नाही. निरोप मी दिलाच: दहा वाजता या, डाव्या फाटकानं या, पायऱ्या ओल्या असतील तर जपून.

इकडे बाईंनी खऱ्या अर्थानं नाव काढलेल्यांना पत्रं पाठवली. हृदयाच्या डॉक्टरकडून उलट विचारणा आली, कोणती शाळा? अधिकाऱ्यांनी विचारलं, गाडी पाठवणार का, आणि सोबतच्या माणसांची सोय काय. परदेशातल्या एकानं आपलं भाषण आधीच बोलून पाठवलं. भाषण फार चांगलं आहे, फक्त त्यात शाळेचं नाव दुसरं आहे.

परवा बाईंनी मला बोलावून विचारलं, सगळ्यांना निरोप दिलात ना? दिला म्हणालो. काय म्हणाले? मी पायांकडे बघून म्हणालो, "येतो म्हणाले." बाईंनी टेबलावरची डायरी मिटली. मग म्हणाल्या, "मी हे ऐकलेलं नाही. खुर्च्या दोनशे लावा." तेव्हा बाईंचं एक ठीक झालं. पण आपल्या संस्थेचे अध्यक्ष आहेत, त्यांना माईक हातात आला की खरं बोलायची सवय आहे. त्यांच्या कानावर ही गोष्ट कुणीतरी घातली आहे. त्यांनी सर्वांसमोर 'गमतीदार चूक' म्हणून सांगितली तर चव्वेचाळीस माणसं बायकामुलांसकट ऐकतील. लिफ्टवाला ऐकेल, शिवणवाली ऐकेल. भाचा ऐकेल, तुझ्या शेजारी बसून.

त्या भाच्याबद्दल मी काय लिहू? परीक्षेच्या दिवशी त्यानं टोलाची हातोडी लपवली आणि मोठ्या सरांनी विचारल्यावर मी त्याचं नाव सांगितलं. मामानंच सांगितलं म्हणून तुला जास्त लागलं, मला कळतं. मोठे सर विचारतील ते सांगायची शिपायाला सवय असते. तो आता कुलपं उघडतो, दाराबाहेर अडकलेल्या माणसांना घरात घेतो, असं ऐकलं. (कुणीतरी सांगितलं होतं की त्याला पोलीस घेऊन जातात. दोन वर्षं मी काळजीत. मग कळलं, कुलूप उघडायलाच नेतात आणि मानानं परत आणून सोडतात.) त्याच्या कामाला मान मिळावा हे मला मनापासून वाटतं. पण तो चुकून मिळाला हे तुझ्यापासून लपवून तुझी माफी खिशात घालणं मला जमेना. तेव्हा तुला हवी तर ती माफी परत घे. मी काही म्हणणार नाही.

सुनेचा नमस्कार. बस थेट येते, गाडी बदलावी लागत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. वर माफी परत घे असं लिहिलं ते रीत म्हणून लिहिलं. घेऊ नकोस.

ता. क. दुसरा. यादी मी वर्षवार केली होती. बाईंनी विचारलं, मग हे मधल्या वर्षाचं एक नाव सगळ्यात वर कसं? मी म्हणालो, शाई सांडली होती, पान पुन्हा लिहावं लागलं. शाई सांडली नव्हती. ते नाव कुणाचं, हे तुला सांगायला नको. आणि जिन्यावर बाई बोलल्या तेव्हा एक क्षण मला शंका आली होती, हेही आता सांगून टाकतो. विचारता आलं असतं. त्या फोनवर होत्या म्हणून विचारलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

ता. क. तिसरा, आणि हाच मुद्द्याचा. पहिल्या रांगेत मधली खुर्ची तुझ्यासाठी धरली आहे, अध्यक्षांच्या बरोबर समोरची. ते माईक घेऊन उभे राहिले की तू त्यांच्याकडे तशी बघ, जशी चार लग्नांत माझ्याकडे बघत होतीस. ते बसतील. आणि भाच्याला ह्यातलं अक्षर सांगू नकोस.

येतेस की नाही ते दोन ओळींत लवकर कळव. शिव्या असल्या तरी चालतील, पण पाकिटात घाल, पोस्टकार्डावर नको. आमचा पोस्टमन सगळ्यांची पोस्टकार्डं वाचतो, आणि यादीत तोही आहे.